जावयाच्या भेटीला पायी

नागपुरात कुणाला ‘वारीला चालले’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : पंढरपूर का? मी म्हणते, नाही, धापेवाडा. समोरचा जरा हिरमुसतो. शेगावच्या पालखीसारखी महिनाभराची चाल नाही, टीव्हीवर दिसणारं रिंगण नाही. कळमेश्वर तालुक्यातलं गाव, नागपूरपासून पस्तीसेक किलोमीटर. पण तिथल्या नदीचं नाव चंद्रभागाच आहे, आणि त्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात ते उगाच नाही. एकादशीला लोक पंढरपूरला जातात आणि आषाढी पौर्णिमेला विठ्ठल स्वतः धापेवाड्याला येतो, अशी इकडची श्रद्धा. धापेवाड्याचे संत कोलबास्वामी, त्यांना वयोमानानं पंढरीची वाट झेपेना, तेव्हा देवच त्यांच्याकडे आला म्हणतात.

आमच्या दिंडीतल्या आजींकडे याहून सोपा खुलासा होता. ‘‘रुक्मिणी कौंडण्यपूरची, म्हंजे आपली लेक. मंग जावई सासरवाडीले येनार नाई तं जाईन कुठी?’’ वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात, म्हणजे नातं अगदी पक्कं. या हिशेबानं आम्ही सगळे मुलीकडचे.

घरून निघताना नवऱ्यानं छत्री, टॉर्च, पायाच्या फोडांसाठी मलम असं सगळं पिशवीत कोंबलं. लेकीनं फक्त अट घातली. ‘‘जा तू. पण आल्यावर मला लेखात घालू नकोस.’’ (हे वाक्य तिला दाखवूनच ठेवलंय.) तिचं चुकत नाही. मी मराठी शिकवते, उरलेल्या वेळात लिहिते, आणि लिहायला कच्चा माल म्हणजे घर, वर्ग आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. त्यातलं घर काढून घेतलं तर दुकान बंदच करावं लागेल, असं वाटून मी जरा घुश्शातच काटोल नाक्यावर पोचले.

फेटरीपर्यंत पायांत जोर होता. मग पाऊस आला. ट्रकला वाट द्यायला डांबरावरून खाली उतरलं की काळी माती चपलेला धरायची, आणि चार पावलांत एकेक चप्पल किलोभराची व्हायची. आजी मात्र चपला पिशवीत घालून अनवाणी चालत होत्या, मेणकापड डोक्यावर, ताल न चुकता. शेतांत निंदणाला आलेल्या बाया मान वर करून हात जोडायच्या आणि पुन्हा ओळीला लागायच्या. संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळं अजून हिरवीगार, लिंबाएवढी.

दोन अभंगांच्या मधल्या वेळात बायका जे बोलतात, ते मी आधी कुठल्याच भजनात ऐकलं नव्हतं. सुनेचं बाळंतपण, विकलेली जमीन, बोलणं टाकलेला दीर. कुणी सल्ला मागत नव्हतं. सांगायचं, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचं, पुढचा अभंग धरायचा. शाळेतल्या बाईंच्या जिभेवर उपाय तयारच असतात, ते गिळताना मला पायांपेक्षा जास्त त्रास झाला. माझ्याच वयाच्या एकीनं मुलाबद्दल असं काही सांगितलं की आतून लेख सुरूच झाला. पहिलं वाक्य तयार, शेवटसुद्धा. मग आठवलं, त्या मुलानं तरी कुठे परवानगी दिलीय?

वर्गात दर वर्षी मुलं दोन बहिणाबाईंची गल्लत करतात. एक खानदेशच्या बहिणाबाई चौधरी, 1880 ते 1951. दुसऱ्या त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या, 1628 साली जन्मलेल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई. या दुसरीनं स्वतःचं आयुष्य अभंगांत लिहिलं, नवऱ्याचा राग आणि मारही लिहिला. नवऱ्याला विचारून नक्कीच नाही. घरातलं लिहिण्याचा मोठा दाखला म्हणून मी तिला कायम पुढे करत आले आहे. कळमेश्वरच्या मुक्कामी, पाय गरम पाण्यात बुडवून बसले असताना मात्र वाटलं, तिच्या पाठीवरचे वळ तिचेच होते. माझ्या लेकीचे गुण नि रुसवे माझे नाहीत, ते मी फक्त पाहिलेत. तिच्यावरून माझ्या पोटात जे होतं, तेवढंच माझं.

पौर्णिमेची पहाट म्हणजे गुरुपौर्णिमा. फोनवर जुन्या विद्यार्थ्यांच्या फुलांच्या चित्रांची रांग लागली. सगळ्यात लांब शुभेच्छा ज्याचा गृहपाठ कधी आला नाही त्याच्या. वाटेत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ ‘माऊली’ म्हणत माझ्या पाया पडले. पाया पडून घ्यायची मला सवय आहे, शिक्षकांना असतेच. उलट वाकायची नाही. कंबर कुरकुरली, पण वाकले.

दर्शन काही सेकंदांचं. ‘‘चला, पुढे चला’’ म्हणेपर्यंत मूर्ती नीट बघून झाली नव्हती. लेकीच्या बारावीचं काही मागितलंस का, असं मला नंतर किमान निम्म्या शिक्षकखोलीनं विचारलं. नाही मागितलं. देव आहे की नाही यावर माझं माझ्याशीच एकमत नाही, मग अर्ज कुठल्या तोंडानं करायचा? माझी आई त्याच्याशी रोज भांडायची, म्हणजे तिची खात्री होती. माझा फक्त हात जोडला जातो.

परतीच्या एसटीत ती मुलाची आई शेजारी आली. ‘‘तुमी लिहिता म्हन्ते ना, मॅडम? मंग माह्यं लिवा. पोराचं नोका लिवू.’’

आणि नागपूर येईस्तोवर ती सांगत राहिली. तिचा तर्री पोह्याचा ठेला आहे. चणे रात्री भिजवायचे, पहाटे चारला शेगडी, सहाला पहिलं गिऱ्हाईक. पोहे मोकळे राहिले पाहिजेत, तर्री वरून ओतायची ती गिऱ्हाइकाचं तोंड बघून. ताप आल्यासारखा दिसला तर कमी. उधारीची वही नाही, कारण लिहिता येत असूनही तिला हिशेब तोंडपाठ असतो, आणि बुडवणारा वही बघून थोडाच देतो. मसाल्यात काय काय घालते, ते मात्र मी तीनदा विचारूनही सांगितलं नाही.