हेडसेटची घोषणा झाली की मी आधी भिंगं बघते

पीसी गेमचं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने 12 नोव्हेंबर 2025 ला स्टीम फ्रेम हा व्हीआर (आभासी जगात नेणारा) हेडसेट जाहीर केला, तेव्हा आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत दुसरा विषय नव्हता. प्रत्येक डोळ्याला 2160 बाय 2160 पिक्सेल, आत स्नॅपड्रॅगन 8 जेन 3 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, सोबत पीसीला लावायचा वायरलेस डाँगल. सगळे आकड्यांवर बोलत होते आणि मी मात्र त्या यादीत एकच ओळ शोधत होते. शेवटी सापडली. आयपीडी 60 ते 70 मिलिमीटर.

माझा 59 आहे.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सांगलीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे नंबर काढते आणि शटर खाली ओढलं की धाकट्या भावाच्या पीसीवर गेम खेळते. दोन बाहुल्यांमधल्या अंतराला आम्ही दुकानात पीडी म्हणतो, हेडसेटवाले आयपीडी म्हणतात. चष्म्याची फ्रेम कितीही भारी असो, भिंगाचा मध्य गिऱ्हाइकाच्या बाहुलीसमोर आला नाही तर चार दिवसांत तो चष्मा परत येतो. डोकं जड होतं, जमीन वर आल्यासारखी वाटते, वाचताना डोळे ओढतात, अशा तक्रारी मी रोज ऐकते. नंबर जितका जास्त, तितकी एकदोन मिलिमीटरची चूक जास्त टोचते. आणि हेडसेटमधली भिंगं आपल्या नेहमीच्या चष्म्यापेक्षा कितीतरी ताकदीची असतात, कारण जेमतेम काही सेंटीमीटरवरचा पडदा त्यांना लांब नेऊन दाखवायचा असतो.

मोठ्या माणसांचा पीडी सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास येतो. बायकांचा पुरुषांपेक्षा थोडा कमी. म्हणजे 60 च्या खाली असणं ही काही अपवादात्मक गोष्ट नाही. माझ्या टेबलासमोर रोज असे चेहरे बसतात आणि त्यात मुली जास्त असतात. त्यामुळे ‘मुलींना व्हीआरमध्ये जास्त गरगरतं’ असं कुणी ठामपणे सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, भिंगं त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती का? गरगरण्याची कारणं अनेक आहेत, पण हे कारण मोजपट्टीने तपासता येतं. तेवढं तरी आधी तपासा.

या बाबतीत कंपन्यांचा इतिहास फारसा चांगला नाही. मेटाच्या (तेव्हाच्या फेसबुकच्या) 2019 च्या ऑक्युलस रिफ्ट एसमध्ये भिंगं हलतच नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलायचा आणि भागवायचं. त्यांच्याच त्याच वर्षीच्या पहिल्या क्वेस्टला मात्र सरकपट्टी होती. पुढे क्वेस्ट 2 आला तो तीन खाचा घेऊन: 58, 63 आणि 68. क्वेस्ट 3 मध्ये 2023 साली शेवटी चाक आलं, भिंगं हवी तिथे थांबवता येऊ लागली. आणि वर्षभरात, ऑक्टोबर 2024 मध्ये, 299 डॉलरचा क्वेस्ट 3एस पुन्हा त्याच तीन खाचा घेऊन बाजारात उतरला. प्रोसेसर क्वेस्ट 3 चाच, म्हणून सगळे व्हिडिओवाले खूश होते. ‘तेच गेम, दोनशे डॉलर कमी’ हे वाक्य मी किती ठिकाणी ऐकलं! पण दोनशे डॉलर नेमके कुठे वाचवले ते बघा. क्वेस्ट 3 मध्ये पॅनकेक भिंगं आहेत, 3एस मध्ये जुनी फ्रेनेल. काटकसर केली ती थेट डोळ्यांसमोर.

फ्रेनेल म्हणजे गोल गोल कड्यांनी कापलेलं पातळ भिंग. हलकं, स्वस्त, उजेड भरपूर देतं. पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्या कड्यांवरून प्रकाश फाकतो, आणि बरोबर मध्यावर बघितलं तरच चित्र स्वच्छ दिसतं. नजर कडेला नेली की धूसर. मग आपण नकळत डोळे हलवायचं सोडून मान हलवायला लागतो. पॅनकेकमध्ये प्रकाश भिंगांच्या आतल्या आत मागेपुढे परावर्तित होतो, म्हणून हेडसेट चपटा होतो आणि कडेपर्यंत अक्षरं वाचता येतात. याची किंमत उजेडात मोजावी लागते. अर्धपारदर्शक आरशातून एकदा पार होताना आणि एकदा त्यावरून परावर्तित होताना पडद्याचा फार तर पाव भाग प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. प्लेस्टेशन व्हीआर 2 मध्ये सोनीने ओलेड पडदा आणि फ्रेनेल अशी जोडी ठेवली, त्यामागे हे गणित असावं असं मला वाटतं. त्यातला अंधार खरोखर काळा दिसतो. एका ओळखीच्यांकडे मी त्यावर ग्रॅन टुरिस्मो 7 मधली रात्रीची शर्यत खेळले आहे, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे ज्या अंतरावर दिसतात ते अंतर खरं वाटतं. टीव्हीवर ते कधीच वाटलं नव्हतं.

आता स्टीम फ्रेमच्या ज्या गोष्टीने मी खरंच उठून बसले तिच्याबद्दल. आपल्या डोळ्याला अगदी बारीक तपशील दिसतो तो फक्त दृष्टीच्या मधल्या एक-दोन अंशांत. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच भाग. बाकीचं जग आपल्याला स्वच्छ दिसतंय असं वाटतं, कारण डोळा सतत उड्या मारत असतो आणि मेंदू ते तुकडे जोडत राहतो. फ्रेमच्या आतले कॅमेरे तुमची नजर कुठे आहे ते पाहतात आणि पीसीकडून येणाऱ्या चित्राचा तेवढाच भाग सर्वोत्तम दर्जात पाठवला जातो. बाकीचा हलक्या दर्जात. व्हॉल्व्हचं म्हणणं असं की यासाठी गेम बनवणाऱ्यांना काहीही बदलावं लागत नाही, कारण हे काम गेम चालवताना होत नाही, चित्र हवेतून पाठवताना होतं. प्लेस्टेशन व्हीआर 2 मध्येही नजर टिपणारे कॅमेरे आहेत, पण त्याचा फायदा ज्या गेमने घेतला त्यालाच. आणि ऑगस्ट 2024 मध्ये सोनीने पीसीसाठी अडॅप्टर आणला तेव्हा पीसीवर ती सोय चालतच नाही, एचडीआरही (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारी सोय) नाही, असं निघालं. कॅमेरे आत बसलेले, पण बंद. डोळ्यांच्या रचनेवर बेतलेलं इतकं चांगलं तंत्र असं पडून राहतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वजनाचंही बोलायला हवं. क्वेस्ट 3 चं 515 ग्रॅम, व्हीआर 2 चं 560, अॅपलच्या पहिल्या व्हिजन प्रोचं 600 च्या वर, तेही बॅटरी बाहेर खिशात ठेवून. फ्रेम पट्ट्यासकट 440 ग्रॅम आहे, आणि त्यात डोळ्यांसमोरचा भाग फक्त 185. बॅटरी डोक्यामागे नेली आहे. चष्म्याच्या धंद्यात आम्ही पाच ग्रॅमसाठी फ्रेम बदलून देतो, नाकावर वळ उठतात म्हणून. त्यामुळे माझ्या लेखी हा 185 चा आकडा त्या 2160 पेक्षा महत्त्वाचा. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. पंखा फुल्ल असला तरी फेसकुशनच्या आत घाम जमतो आणि भिंगांवर वाफ धरते. जड हेडसेट अशा वेळी अर्धा तासही नको वाटतो. फ्रेमचे बाहेरचे कॅमेरे कृष्णधवल आहेत म्हणून ग्रुपवर बरीच नाराजी होती. मला त्याचं काहीच नाही. खुर्ची कुठे आहे एवढं दिसलं की पुरे.

पण भिंगं कितीही चांगली असली तरी त्यांच्यातून बघायचं काय?

व्हीआर गेमची घोषणा मी नेहमीच्या गेमसारखी बघत नाही. ट्रेलर सपाट पडद्यावर असतो, त्यात खोली दिसू शकत नाही, अंतर दिसू शकत नाही. तेव्हा मी एवढंच बघते की यात हातांना आणि डोक्याला काय काम दिलंय. व्हॉल्व्हचाच हाफ-लाइफ: अॅलिक्स 23 मार्च 2020 ला आला, आपल्याकडे लॉकडाउन लागायच्या तोंडावर. मी तो बराच नंतर खेळले. त्यात जेफ नावाचं एक प्रकरण आहे. जेफ हा त्यातला राक्षस. त्याला दिसत नाही, पण ऐकू फार नीट येतं. जागोजागी काचेच्या बाटल्या रचलेल्या, आणि हवेत असे कण की श्वासाबरोबर गेले तर खोकला येतो. म्हणून एक हात खरोखर स्वतःच्या तोंडावर धरायचा आणि उरलेल्या एका हाताने दार उघडायचं, पडणारी बाटली झेलायची. हा प्रसंग माउस-कीबोर्डवर होऊच शकत नाही. 2018 चा अॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशनही असाच: वाकून भिंतीमागे डोकवायचं, मान तिरकी करून लपलेला रोबो शोधायचा. तुमचं डोकं हाच त्या खेळातला कॅमेरा.

आणि पुढे काय झालं? तो गेम करणाऱ्या सोनीच्या टीम असोबीने 2024 मध्ये नवा अॅस्ट्रो बॉट काढला, त्याला त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर मिळाला, आणि त्यात व्हीआर नाही. प्लेस्टेशन व्हीआर 2 विकत घेतलेल्यांना सोनीकडून ज्या गेमची सगळ्यात जास्त आशा असेल, तो टीव्हीसाठी आला. त्याच वर्षी सोनीने लंडन स्टुडिओ बंद केला, ज्यांनी ब्लड अँड ट्रुथ हा व्हीआर गेम केला होता. जानेवारी 2026 मध्ये मेटाने आर्मेचर, सान्झारू आणि ट्विस्टेड पिक्सेल हे तीन स्टुडिओ बंद केले. रेसिडेंट एव्हिल 4 क्वेस्टवर आणणारे आर्मेचर, अॅसगार्ड्स रॅथ 2 करणारे सान्झारू. ट्विस्टेड पिक्सेलचा डेडपूल तर नुकताच बाजारात आला होता. व्हीआरमध्ये हातांना काम कसं द्यायचं हे वर्षानुवर्षं चुकतमाकत शिकलेली ही माणसं. नवा हेडसेट दोन वर्षांत निघतो, अशी माणसं दोन वर्षांत तयार होत नाहीत.

म्हणून व्हॉल्व्हने फ्रेमच्या वेळी सांगितलं की आमच्याकडे सध्या स्वतःचा व्हीआर गेम तयार होत नाही, तेव्हा मला ते लागलं. स्टीमवरच्या आपल्या लायब्ररीतले साधे (व्हीआर नसलेले) गेम मोठ्या पडद्यासारखे खेळा, हा त्यांचा मोठा मुद्दा. चांगली सोय आहे, नाकारत नाही. पण मोठा पडदा बघायला मी डोक्यावर 440 ग्रॅम का चढवू? भिंतीवर टीव्ही आहे.

तरीही एक गोष्ट व्हॉल्व्हच्या बाजूने बोलते: जे नाही ते नाही म्हणून सांगितलं. गेमच्या घोषणांत हे दुर्मिळ झालंय. एल्डर स्क्रोल्स 6 ची डोंगरांवरची ती छोटीशी झलक जून 2018 ची आहे, गेम अजून आलेला नाही. जीटीए सॅन अँड्रियास व्हीआरमध्ये येणार असं ऑक्टोबर 2021 मध्ये मोठ्या थाटात सांगितलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये ते काम बेमुदत थांबलं. मधल्या काळात त्याच नावावर हेडसेट घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. हे मला अजिबात पटत नाही. गेमची वाट बघता येते, पण हेडसेटचे पैसे आधी जातात. सिल्कसाँग या गेमचीही लोकांनी 2019 पासून वाट बघितली, पण शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये तारीख सांगितली आणि दोन आठवड्यांत, 4 सप्टेंबरला, गेम हातात दिला. हेडसेटच्या गेमची घोषणा अशीच व्हावी, खेळ तयार असताना.

आपल्याकडे व्हीआरची ओळख बहुतेकांना मॉलमधल्या हलत्या खुर्चीवर होते, नाहीतर मोबाइल अडकवायच्या डब्यात. असाच एक डबा, 1,299 रुपयांचा जिओडाइव्ह, 2023 मध्ये आयपीएलच्या हंगामात आला, तेव्हा दुकानात कितीतरी जण विचारून गेले की याने डोळे बिघडतात का. मोबाइलच्या डब्याला मान वळलेली कळते, पण तुम्ही पुढे झुकलात हे कळत नाही. तुम्ही झुकता आणि समोरचं जग तुमच्याबरोबर सरकतं, मग पोटात ढवळतं. तेवढ्यावरून ‘व्हीआर मला झेपत नाही’ असं ठरवू नका. खरा हेडसेट कुणाकडे असेल तर पंधरा मिनिटं मागून बघा, पण तो तुमच्या डोळ्यांच्या मापाला लावल्यावरच.

आणखी एक, कारण हा प्रश्न काउंटरवर फार येतो. हेडसेटमधलं चित्र डोळ्याच्या दृष्टीने साधारण एक-दोन मीटरवर असतं, पडदा नाकासमोर असला तरी. म्हणून लांबचा नंबर असलेल्यांना सहसा चष्मा लागतो, आणि ज्यांना फक्त वाचायचा चष्मा आहे त्यांना बहुतेक वेळा लागत नाही. चष्म्याच्या काचा हेडसेटच्या भिंगांना घासल्या तर भिंगावर कायमचा ओरखडा पडतो. नंबर घालून बनवलेली वेगळी भिंगं आत बसवता येतात, ती घ्या. ऑर्डर देताना पीडी विचारतात, तो अंदाजाने टाकू नका. कुठल्याही ऑप्टिशियनकडे दोन मिनिटांत मोजून मिळतो.

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. 59 आणि 60 मध्ये एकाच मिलिमीटरचा फरक आहे, कदाचित चालून जाईल. पण माझ्या बहिणीचा 57 आहे आणि तिलाच अॅलिक्स खेळायचा आहे. तुमच्यापैकी कुणाचा पीडी 60 च्या खाली असेल आणि स्टीम फ्रेम डोक्यावर चढवायला मिळाला, तर भिंगं सगळ्यात आतल्या टोकाला आणून मेनूमधली बारीक अक्षरं वाचून बघा. आधी मधली, मग डाव्या कडेची, मग उजव्या. अर्धा तास खेळून झाल्यावर दोन्ही भुवयांच्या मध्ये ओढल्यासारखं वाटतं का तेही बघा, आणि मला लिहा. सोबत पीडीचा आकडा नक्की द्या.