ऐकून घेणे

वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाची पहिली सुनावणी एप्रिल 1996मध्ये तिथल्याच ईस्ट लंडन शहरात झाली. 1985मध्ये सुरक्षा पोलिसांनी ठार केलेल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्ते फोर्ट कलाटा यांच्या पत्नी नोमोंडे यांनी साक्ष देताना असा हंबरडा फोडला, की कामकाज थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू करताना अध्यक्ष डेस्मंड टुटू यांनी ‘आम्ही काय केले?’ असे विचारणारे जुने गीत म्हणायला घेतले. रेडिओसाठी वार्तांकन करणाऱ्या कवयित्री अँट्यी क्रोख यांनी 1998मध्ये या सुनावण्यांवर पुस्तक लिहिले आणि अत्याचार करणारे आपल्याच आफ्रिकानेर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या) समाजातले, हे त्यात लपवले नाही. असे लेखन मला मोलाचे वाटते. आयोगाने कलाटा यांच्या मारेकऱ्यांना माफी नाकारूनही त्यांच्यावर खटला मात्र चालला नाही, आणि ती उणीव कोणतीही कथा भरून काढू शकत नाही.