हॉलिडे क्लबच्या मेंबरशिपमधून कायदेशीर बाहेर पडताना: माझा अनुभव

मेंबरशिप २५ वर्षांची, वर्षाला क्लबच्या रिसॉर्टमध्ये ७ रात्री, किंमत ३,८०,००० रुपये. त्यातले ५७,००० सही केली त्याच टेबलावर कार्डाने गेले आणि उरलेल्या रकमेसाठी एका फायनान्स कंपनीचे साधारण ९,००० रुपयांचे ३६ हप्ते लागले. शिवाय दरवर्षीची एएमसी (वार्षिक देखभाल शुल्क) आणि तिच्यावर जीएसटी. सही केल्यापासून कर्जखाते बंद झाल्याचे पत्र हातात पडेपर्यंत १५ महिने गेले. योग्य कागद योग्य क्रमाने गेले असते, तर यातले निदान पाच महिने वाचले असते. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी करारावरची तारीख बघा. भारतात टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा वर्षाला ठरावीक रात्रींच्या मेंबरशिपसाठी, स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघात १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो, अमेरिकेत फ्लोरिडात १० दिवस आणि कॅलिफोर्नियात ७ दिवस मिळतात. आपल्याकडे जी मुदत मिळते ती कंपनीच्या करारातून, आणि अनेक करारांत ती १० दिवसांची असते. ती नेमकी कधीपासून मोजायची हेही तिथेच लिहिलेले असते: फॉर्मवरच्या सहीपासून, पहिल्या पेमेंटपासून की वेलकम किट मिळाल्यापासून. अडचण अशी की पूर्ण करार सहीच्या दिवशी हातात पडत नाही, चार-पाच दिवसांनी ईमेलवर लिंक येते. तुम्ही अजून या मुदतीत असाल, तर पुढचे काही वाचत बसू नका. आजच ईमेल पाठवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर धाडा. मजकूर चार ओळींचा पुरे: अर्ज क्रमांक, सहीची तारीख, "करारातील अमुक कलमानुसार मी मेंबरशिप रद्द करत आहे, भरलेली पूर्ण रक्कम परत करावी आणि कर्ज रद्द करावे", खाली सही. दोघांच्या नावे मेंबरशिप असेल तर दोघांच्या सह्या. कारणे देऊ नका, कारण दिले की त्यावर समजावणीचे फोन सुरू होतात. विकणाऱ्या माणसाला फोन करून रद्द करायला सांगणे म्हणजे रद्द करणे नव्हे. "दोन दिवस द्या, मी मॅनेजरशी बोलतो," असे तो म्हणतो आणि मुदतीचे दोन दिवस तिथेच संपतात.

हप्त्यांचे कर्ज मोबाइलवरून ओटीपी देऊन घेतलेले असेल, तर त्याची वेगळी कूलिंग-ऑफ (विचार बदलून बाहेर पडण्याची) मुदत असते. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ती बंधनकारक केली आहे. मुदत फार छोटी असते, पण तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचे व्याज भरून कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडता येते. पैसे मात्र क्लबकडे गेलेले असतात, त्यामुळे क्लबला आणि फायनान्स कंपनीला एकाच दिवशी लिहायचे.

मुदत उलटून गेली की वाट लांबते. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावे करता येते, पण ट्रान्सफर फी आणि थकलेली एएमसी आधी भरावी लागते. घेणारा माणूसही तुम्हालाच शोधावा लागतो. नात्यात खरोखर फिरणारे कुणी असेल तर हा सरळ मार्ग आहे. विकून मूळ किंमत परत येईल ही आशा मात्र सोडा.

याच टप्प्यावर फोन यायला लागतात: "तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, चार लाख देतोय, फक्त एनओसीचे आणि जीएसटीचे २२,००० आधी भरा." तुमचे नाव, मेंबरशिप क्रमांक, भरलेली रक्कम, सगळे त्यांना अचूक माहीत असते, म्हणून विश्वास बसतो. विक्रीआधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दिले गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवा.

मी ग्राहक आयोगाचा मार्ग धरला. त्याची खरी तयारी तक्रारीच्या कितीतरी आधी होते. एका कागदावर दोन रकाने केले. डावीकडे टेबलावर जे सांगितले गेले ते: "कधीही बुकिंग मिळेल", "एएमसी वाढत नाही", "नको झाली तर कंपनी परत घेते". उजवीकडे त्याच मुद्द्यावर करारात जे छापले आहे ते, पान आणि कलम क्रमांकासह. प्रत्येक ओळीसमोर पुरावा: व्हॉट्सॲप संदेश, ब्रोशरचा फोटो, बुकिंग नाकारल्याचे स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, रिसॉर्टचे नाव आणि "उपलब्ध नाही" हे शब्द तिन्ही दिसले पाहिजेत. मी सात वेगवेगळ्या आठवड्यांसाठी प्रयत्न केला आणि सातही जपले. तोंडी आश्वासनाचा कागद नसेल तर विकणाऱ्याला शांतपणे संदेश पाठवा: "तुम्ही सांगितले होते की एएमसी वाढणार नाही, पण बिल वाढून आले आहे, हे कसे?" त्याचे उत्तर हाच पुरावा होतो.

कंपनीचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो वेलकम कॉल. सहीनंतर एक-दोन दिवसांत फोन येतो. बाई भराभर अटी वाचते आणि प्रत्येक अटीनंतर विचारते, "सर, समजलं ना?" आपण गाडी चालवता चालवता "हो, हो" म्हणतो. तेच रेकॉर्डिंग पुढे आयोगासमोर येते. त्याची प्रत ईमेलने आधीच मागून घ्या. माझ्या कॉलमध्ये एएमसी दरवर्षी वाढू शकते हे वाक्यच नव्हते आणि तो माझा सर्वात उपयोगी कागद ठरला.

आणखी एक: वाद सुरू केल्यावर एकही रात्र वापरू नका. फुकट मिळालेले व्हाउचरसुद्धा नाही. करार कायद्याच्या कलम १९ नुसार खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती रद्द करता येते, पण खरे काय ते कळल्यावरही तुम्ही सेवा घेतली तर करार मान्य केला असे धरले जाते.

आता हप्ते. सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ते खाते रिकामे ठेवायचे, आणि नेमके तेच करू नये. खात्यात पैसे नसल्याने एनएसीएचचा (बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा) हप्ता परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, चेक बाउन्ससारखीच. दर वेळी बाउन्स चार्जेस लागतात आणि क्रेडिट स्कोअर घसरतो. फायनान्स कंपनीचे म्हणणे साफ असते: क्लबशी तुमचे भांडण असेल, कर्ज तुम्ही घेतले आहे. म्हणून मी हप्ते भरत राहिलो आणि दर महिन्याला एक ओळीचा ईमेल पाठवत गेलो की हे पेमेंट हरकत नोंदवून केले आहे. फायनान्स कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क जाता येते.

१९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद केली. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर येऊ शकते आणि ते उत्तर फाइलला लागते. माझ्या वेळी कंपनीने करारातले कलम दाखवून ७० टक्के रक्कम कापण्याचे लिहिले. असा आकडा कागदावर येणे आपल्या फायद्याचेच असते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते. त्यानंतर कंपनीला १५ दिवसांची नोटीस पाठवली. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पाठवाच.

तक्रार ऑनलाइन दाखल होते. त्यासाठी आधी ई-दाखिल हे पोर्टल होते, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकील असलाच पाहिजे असे नाही. करारात "वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयात" असे छापलेले असले तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लवादाचे (वाद न्यायालयाबाहेर लवादाकडेच सोडवायचा, असे) कलमही आड येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. मुदत मात्र कडक आहे: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशिराचे सबळ कारण देता आले तर माफी मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका.

दोन चुका इथे फार होतात. पहिली: फक्त क्लबलाच विरुद्ध पक्ष करणे. मग निकाल लागला तरी हप्ते कापले जातातच. फायनान्स कंपनीला विरुद्ध पक्ष क्रमांक २ करा आणि याच कायद्याच्या कलम ३८(८) खाली निकाल लागेपर्यंत वसुली थांबवण्याचा अंतरिम अर्ज तक्रारीसोबतच जोडा. दुसरी चूक जास्त बारीक आहे. "अनुचित करार" हा शब्द सगळ्यांना आवडतो, पण या कायद्यात त्याच्या तक्रारी राज्य आयोगापासून पुढे चालतात. जिल्हा आयोगात तोच मुख्य मुद्दा केला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेतो. तिथे "अनुचित व्यापारी प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" हेच मांडायचे. माझा पहिला मसुदा याच कारणाने पुन्हा लिहावा लागला.

जोडायचे कागद: तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, करार, पेमेंटच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, पत्रव्यवहार. व्हॉट्सॲप आणि रेकॉर्डिंगसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र हवे. ते राहिले की त्रुटी निघते आणि एक तारीख जाते. पानांवर सलग क्रमांक घाला.

कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले. त्यामुळे चाळिसाव्या दिवसाच्या आसपास कंपनीचा सूर बदलतो आणि तडजोडीचा फोन येतो. फोनवर आकडा सांगू नका, लेखी मागा.

आमचे प्रकरण मध्यस्थीला गेले. तोवर ५७,००० आणि १४ हप्ते मिळून १,८३,००० गेले होते. ठरले ते असे: मेंबरशिप रद्द, उरलेले कर्ज कंपनीने थेट फायनान्स कंपनीला भरायचे, एएमसीची मागणी शून्य आणि मला १,२५,००० परत. ५८,००० सोडले. लढत राहिलो असतो तर कदाचित तेही मिळाले असते, पण मग अपील आणि आणखी वर्षे. हा निर्णय ज्याचा त्याने करायचा.

तडजोडीच्या मसुद्यात शब्द न् शब्द वाचा. पैसे किती दिवसांत आणि कुठल्या खात्यात, उशीर झाल्यास व्याज किती, कर्ज खाते क्रमांक कोणता, हे सगळे हवे. तक्रार पैसे जमा झाल्यावरच मागे घेतली जाईल असे लिहून घ्या. आणि कर्ज क्रेडिट अहवालात "क्लोज्ड" दिसेल अशी अट घाला. "सेटल्ड" (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले) लागले तर पुढे गृहकर्ज घेताना प्रत्येक बँक त्याबद्दल विचारते. फायनान्स कंपनीची एनओसी मिळाल्यावर बँकेतून एनएसीएच मँडेट (हप्ता कापण्याची परवानगी) रद्द करा, नाहीतर चुकून आणखी एक हप्ता कापला जातो. ४५ दिवसांनी क्रेडिट अहवाल काढून बघा. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या अहवालात नोंद दुसऱ्या तक्रारीनंतर बरोबर झाली.