काठची ज्वारी

परभणीत मे महिन्यात दुपारी एक ते पाच माणसानं काय करावं? काही करू नये. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतावं, पडदे ओढावेत आणि लाईट जाऊ नये एवढीच अपेक्षा ठेवून गार फरशीवर पडावं. असाच पडलो होतो, तर पुण्याच्या भाच्यानं फोनवर काहीतरी पाठवलं. सोबत एकच ओळ : ‘मामा, तुमचा माणूस. ऐका.’

उघडलं. चित्रात बाळाचं अंग आणि त्यावर मोठ्या माणसाचं तोंड. बायको पाणी प्यायला उठली होती, ती डोकावली. ‘अगंबाई! हे काय भयंकर बघायलात हो भरदुपारी?’

म्हटलं, डेव्हिड बोवी आहे, इंग्लंडचा गाणारा.

‘कोण का असंना, आवाज बारीक करा.’

तिचं काही चुकत नाही. आमच्या पिढीत परभणीला इंग्रजी गाणारा माणूस एकच माहीत होता, मायकल जॅक्सन. तोही कानापेक्षा पायांनी माहीत. गॅदरिंगमध्ये दरवर्षी एकजण पांढरे मोजे घालून स्टेजवर यायचा आणि मागं मागं सरकायचा प्रयत्न करायचा. खाली सतरंजी. सतरंजीवर पाय घसरत नाहीत, सतरंजीच गोळा होते. शेवटी पोरगा जागच्या जागी आणि अर्धं स्टेज त्याच्या टाचेखाली. आम्ही शिट्ट्या मारायचो. त्या मनापासून असायच्या.

बोवी मला भेटला तो दुकानदाराच्या कृपेनं. तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला होतो, वय सतरा. गुलमंडीच्या बाजूला कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कॅसेट साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि चार दिवसांनी जायचं. माझी यादी सगळी हिंदी. पण ए साईडला शेवटी तीन-साडेतीन मिनिटं उरली आणि रिकामी पट्टी सोडणं त्या भल्या माणसाच्या जिवावर आलं असणार. त्यानं हाताशी होतं ते एक इंग्रजी गाणं भरून टाकलं. नाचायला बोलावणारं, १९८३ सालचं. ऐन रंगात आलं की खट्! साईड संपली. ते गाणं मी चार वर्षं अर्धंच ऐकलं. गाणाऱ्याचं नाव कळायला तर केबल यावी लागली. पूर्ण गाणं ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, जरा निराशाच झाली. पुढं काहीतरी फार मोठं होत असेल असं मी धरून चाललो होतो. तसं काही होत नव्हतं, गाणं आपलं संपत होतं.

तर भाच्यानं पाठवलेला अल्बम. त्याचं नाव ‘टॉय’, खेळणं. २००० साली बोवी ५३ वर्षांचा होता. अर्ध्या जगाला नाचवून झालं होतं, रंगीत केस, रंगवलेलं तोंड, सगळं करून झालं होतं. आणि या वयात त्याला काय सुचावं? १९६४ ते १९७१ या काळातली, म्हणजे नाव होण्याआधीची किंवा होता होताची आपलीच गाणी पुन्हा गायची. कुणी विचारलं नव्हतं तेव्हाची. न्यूयॉर्कमध्ये आपल्या वाजवणाऱ्यांना घेऊन बसला आणि फार घोळ न घालता ती म्हणून टाकली. कंपनीनं मात्र आज काढू, उद्या काढू करत अल्बम ठेवून दिला. बोवी वैतागून दुसऱ्या कंपनीकडं गेला, २००२ साली नवा अल्बम काढला, त्यात या अल्बमसाठी केलेली दोन गाणी नव्यानं करून घातली. बाकीची काही इकडंतिकडं वाटली गेली. २०११ साली एक दिवस पेपर फुटावा तसा हा अल्बम इंटरनेटवर फुटला. रीतसर बाहेर आला तो २०२१ च्या नोव्हेंबरात, बोवीच्या बऱ्याच अल्बमांच्या मोठ्या पेटीतला एक भाग म्हणून, आणि सुटा २०२२ च्या ७ जानेवारीला. दुसऱ्या दिवशी बोवी ७५ वर्षांचा झाला असता. पण तो २०१६ मध्येच गेला होता.

बारा गाणी आहेत. मी एकही पुढं ढकललं नाही. ही माझी जुनी खोड. भाचा म्हणतो, मामा, आवडलं नाही की स्किप करायचं. पण ज्यानं सेल उन्हात वाळवून टेप चालवलाय, गुंतलेली पट्टी सहाकोनी पेन्सिलीनं गुंडाळलीय, तो पुढं ढकलत नाही. ढकलायला सेल जास्त लागतात. वाईट गाणं आलं की आम्ही त्या वेळात चहा टाकायचो.

आणि या अल्बममध्ये दोनदा चहा होतो, हे मान्य करायला पाहिजे. काही गाणी अशी आहेत की १९६५ साली ती कुणी का घेतली नाहीत ते २००० सालच्या गाण्यावरूनही कळतं. गिटारी दणदणीत, वाजवणारे तयारीचे, आवाज मुरलेला. पण आत पोरगेलं काहीतरी, चुलत्याचा कोट घालून लग्नाला आलेल्या पोरासारखं.

एक गाणं मात्र मी तीनदा ऐकलं. घर सोडून लंडनला आलेल्या सतरा वर्षांच्या पोराचं. जेमतेम महिना झालाय, आणि चारचौघांत आपण कमी दिसू नये म्हणून तो नको त्या गोळ्या घेतो. बोवीनं हे लिहिलं तेव्हा तो स्वतःच त्या पोराहून दोन-एक वर्षांनी मोठा असेल. तेव्हाचं गाणंही मी लगेच शोधून ऐकलं. त्यात तो पोरगा आत्ता रडेल असं वाटतं. ५३ व्या वर्षी गाताना तो रडत नाही. लांबून बघतो, आणि जरा सावकाश बघतो. माझंही आता त्रेपन्नच चालू आहे. औरंगाबादच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उतरलेला पोरगा मला दिसला नाही असं म्हणता येणार नाही. गोळ्याबिळ्या काही नव्हत्या, आमची मजल चारमिनारपर्यंत. तीही एक सिगारेट तिघांत. जाऊ द्या.

मला अडवलं ते ‘फुटला’ या शब्दानं. हल्ली कशाचंही पेव फुटतं. क्लासेसचं फुटतं, मंगल कार्यालयांचं फुटतं, रोजच्या पेपरात कशाचं तरी पेव फुटलेलं असतं. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पेव पाहिलंय कोण जाणे.

मी पाहिलंय. पाथरी तालुक्यातलं आमचं गाव, गावठाणाची पांढरी माती, आणि वाड्यासमोर जमिनीच्या पोटात आबांचं पेव. तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरेल इतकं. आत मात्र खोली मावेल अशी पोकळी. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर शिळा, शिळेवर माती लिंपून टाकायची. मग त्यावरून बैलगाडी गेली तरी कुणाला पत्ता नाही. आबा ७२ च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेले. त्यानंतर ज्वारीला कितीही भाव येवो, पेव भरल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना ते उघडलं. तीन वर्षं बंद होतं. सकाळी शिळा सरकवली आणि आम्हा पोरांना हाकलून लांब उभं केलं. बंद पेवात वारं वाईट असतं, माणूस उतरला की खालीच आडवा होतो. म्हणून दिवसभर तोंड उघडं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला. पुन्हा थांबले. दुपारी परत सोडला, तेव्हा तो जळत राहिला, आणि मग आमचा सालगडी कंबरेला दोर बांधून उतरला. वर टोपली येऊ लागली. पहिला आला तो वास. आंबूस, ओलसर, गोठ्यासारखा आणि तरी गोठ्यासारखा नाही. तो वास शब्दांत येत नाही, पण ज्यांच्या नाकात एकदा गेला त्यांना नुसतं ‘पेव’ म्हटलं तरी पुरतं.

पेवातलं सगळं धान्य सारखं नसतं. मधली ज्वारी मोत्यासारखी, काल भरल्यासारखी. काठाला ओल लागते. तिथली ज्वारी काळपट पडते, गोळे होतात, भाकरी लालसर होते आणि तोंडात कडसर चव राहते. आजी, जिला आम्ही बाई म्हणायचो, सुपात घेऊन नुसत्या नजरेनं सांगायची, ही मधली, ही काठची. दोन ढिगारे वेगळे. अल्बम ऐकताना मी नेमकं हेच करत होतो, माझं मलाच हसू आलं. हे मधलं, हे काठचं, हे अगदी शिळेखालचं. भाच्याला तसं लिहायलाही घेतलं. वीस वर्षं पुरून ठेवलेलं आहे, काठ खराब निघणारच, मधलं खा. वाक्य बरं जमलं होतं.

पण काठच्या ढिगाऱ्याचं पुढं काय व्हायचं?

फेकत नव्हते. थोडी जनावरांना आणि बाकीची सालगड्याच्या वर्षाच्या धान्यात. ज्यानं दोर बांधून खाली उतरायचं त्याच्याच पोत्यात. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आबा गावात भले गृहस्थ म्हणून ओळखले जायचे, आणि ते होतेही.

त्याचा पोरगा माझ्याच वयाचा. नाव लिहीत नाही, तो अजून गावात आहे. शेतातल्या आखाड्यावर आंब्याखाली आम्ही जेवायला बसायचो, आणि पोरांचं असतं तसं दुसऱ्याच्या फडक्यातलं जास्त गोड लागणार म्हणून मी त्याची भाकरी मागितली. लालसर होती. एक घास घेतला आणि थुंकलो. चांगलाच लांब थुंकलो, गंमत म्हणून. तो हसला. ‘आमची भाकर आशीच ऱ्हाती,’ म्हणाला. मी माझी अर्धी त्याला दिली. ती त्यानं खाल्ली नाही. स्वतःच्या भाकरीबरोबर फडक्यात बांधून ठेवली, धाकट्या बहिणीसाठी.

ती ज्वारी आमच्याच पेवातली होती हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं लिहिणार होतो.

कळलं होतं. वास ओळखला होता मी.