गमबूट घालून पळायचं कुठं?

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. मस्कतहून निघालेली बोट इंजिन बंद पडून भरकटत आली, घातपाताचा काही संबंध दिसत नाही, असं सरकारने त्याच दिवशी सांगितलं. पण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स ज्या शेखाडीला उतरलं, ती तिथून फार लांब नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आगीचं ड्रिल घेता ना, तसंच हत्यारबंद हल्ल्याचं पण बसवा."

मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात सेफ्टी बघते. अडीचशे माणसं, त्यात निम्म्याहून जास्त कोळंबी सोलणाऱ्या नि म्हाकूल (स्क्विड) साफ करणाऱ्या बायका, पॅकिंगला नेपाळी पोरं. मला वाटलं, आठवड्याचं काम. लागलं सव्वा वर्ष.

सुरुवात सगळे करतात तीच केली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने एक फिल्म काढली होती, तिचं सूत्र जगभर चालतं: पळा, लपा, काहीच उरलं नाही तर लढा. ती कॅन्टीनमध्ये लावली. पडद्यावर काचेच्या केबिन, गालिचे, बुटांतली माणसं. संपल्यावर सगळी गप्प. मग मागून एक काकी म्हणाल्या, "मॅडम, गमबूट घालून पलायचा कुठं ओ?"

खरंच, कुठं? सोलण्याच्या हॉलमधली फरशी कायम ओली. मोबाइल आत न्यायला बंदी, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर इशारा पाठवून उपयोग शून्य. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारणीला हाक मारली तर ऐकू येत नाही. आणि मागचं दार? त्याला बाहेरून कुलूप. माल चोरीला जातो म्हणून. अग्निसुरक्षेच्या तपासणीच्या दिवशी तेवढं निघायचं, हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसत आले होते.

दुसरी चूक माझी एकटीची. पहिलं ड्रिल न सांगता घेतलं, 'खरं वाटावं' म्हणून, आणि वॉचमनला शेडमागे सुतळी बॉम्ब लावायला सांगितला. बायका हसल्या, कुणाच्या लग्नाची वरात आली वाटतं म्हणाल्या. पॅकिंगमधली एक वहिनी मात्र टेबलाखाली शिरली ती अर्धा तास बाहेर येईना. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ती आईबरोबर सीएसटीला कोकणकन्येची वाट बघत बसली होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चार दिवसांनी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "तिथंपण पहिल्यांदा फटाकेच वाटले होते. आई म्हणाली, वरात असंल."

तिथून सगळं नव्याने लिहायला घेतलं. ड्रिल आठ दिवस आधी सांगून. खोटी बंदूक नाही, आवाज नाही. ज्याला नको त्याने बाहेर बसावं, कारण विचारायचं नाही.

मी एक सांकेतिक वाक्यही ठरवलं होतं, घबराट नको म्हणून. ते खोडलं. त्या रात्री सीएसटीवर विष्णू झेंडे यांनी उद्घोषणा कक्षातून लोकांना कुठून बाहेर पडायचं ते सरळ शब्दांत सांगितलं, म्हणून कितीतरी जण वाचले. आमच्याकडेही आता माइकवर तेच, मराठीत आणि हिंदीत: हत्यारबंद माणूस कुठे आहे आणि कुठल्या बाजूला जायचं. नेपाळी पोरांनी सांगितलं, हिंदी चालेल, फक्त सावकाश बोला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सायरनने. आमच्याकडे थंड करणाऱ्या यंत्रांत अमोनिया वायू आहे. गळती झाली की वाऱ्याची दिशा बघून गेटजवळच्या आंब्याखाली जमायचं, हे वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं. हल्ल्यात नेमकं तेच घातक: अडीचशे माणसं एका झाडाखाली. म्हणून हल्ल्याच्या वेळी सायरन वाजवायचाच नाही, फक्त माइक आणि हॉलमध्ये लाल दिवा. कॉम्प्रेसरवाल्याने दाराजवळचं बंद करायचं बटण दाबायचं आणि निघायचं, मशीन सांभाळत बसायचं नाही.

लपण्याच्या जागा बायकांनीच खडूने फरशीवर काढल्या. कोल्ड स्टोरेज मला सुरक्षित वाटलं होतं, दार केवढं जाड! देखभालीचा मुलगा हसला. पत्र्याच्या मध्ये फोम, गोळी आरपार जाईल. शिवाय आत उणे १८ आणि मोबाइल असला तरी रेंज नाही. त्यापेक्षा खोक्यांचं जुनं गोदाम, चिऱ्याच्या रुंद भिंती. त्याला आतून कडी बसवली, साडेचारशे रुपयांत.

पोलीस ठाण्यातून साहेब आले, त्यांनी ११२ आणि समुद्रात संशयास्पद काही दिसलं तर १०९३ लिहून घ्यायला लावलं. मग हॉलमध्ये फिरता फिरता थांबले. "पोलीस आत येतील तेव्हा हात रिकामे आणि वर. बिलगायला धावू नका." आणि म्हाकूल साफ करणाऱ्यांकडे बघून, "ती सुरी आधी टाका." हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

मागच्या दारासाठी मालकांशी तीन बैठका झाल्या. शेवटी ढकलल्यावर उघडणारा आडवा दांडा बसला, उघडला की भोंगा वाजणारा, म्हणजे चोरीचीही चिंता नको. दारापलीकडे गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, त्यात एक खिंडार पाडलं, तिथून पाखाडीच्या पायऱ्यांनी खालच्या वाडीत उतरता येतं.

गेल्या ड्रिलला गमबूटवाल्या काकी पहिल्या पोचल्या. हात कोळंबीचे, म्हणून दांडा कमरेने ढकलला. भोंगा वाजला आणि वॉचमन काठी घेऊन 'चोर चोर' करत धावत आला. काकी तोवर खिंडारातून पलीकडे. गमबूट मात्र एकच पायात होता. दुसरा दारात रुतला होता, तो वॉचमनने आणून दिला.