स्पोर्ट्‌स कार आणि स्थिरता-नियंत्रणाचे बटण : स्टुटगार्टहून एक टिपण

जर्मनीत राहू लागल्यापासून मायदेशातील मित्रांकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. इथे वेगमर्यादा नसलेले महामार्ग आहेत, स्पोर्ट्‌स कार रोज दिसतात, तेव्हा त्या चालवणारे लोक स्थिरता-नियंत्रण, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी प्रणाली, बंद करूनच चालवत असतील, नाही का? या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. खरा चालक यंत्राच्या मदतीवाचून गाडी सांभाळतो, आणि डॅशबोर्डवरचे ते वेड्यावाकड्या टायरखुणांचे बटण म्हणजे त्याच्या कौशल्यावर घातलेला लगाम, असे अनेकांना मनापासून वाटते. मला ही समजूत चुकीची वाटते. ज्या परिसरात ही प्रणाली जन्माला आली तिथे राहत असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत एबीएस आणले. ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाके जाम होऊ नयेत, म्हणजे स्टेअरिंग चालकाच्या हाती राहावे, एवढेच त्या प्रणालीचे काम होते. पुढची पायरी मात्र फार अवघड होती, कारण चाक जाम झाले आहे का हे मोजणे सोपे असते, पण गाडी चालकाला हव्या त्या दिशेने जात आहे का हे ठरवायचे, तर चालकाला काय हवे आहे हे यंत्राला आधी कळावे लागते. बॉशमधील अभियंते अँटन फान झांटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझच्या साथीने या प्रश्नावर काम केले, आणि १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस ६०० कूपे या मोठ्या, महागड्या गाडीत हे स्थिरता-नियंत्रण ईएसपी या नावाने प्रथम रस्त्यावर आले. फान झांटन यांना या कामासाठी २०१६ मध्ये युरोपियन पेटंट कार्यालयाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

प्रणाली काय करते हे नीट समजले, तर तिच्याविषयीचा अर्धा गैरसमज आपोआप दूर होतो. चारही चाकांचा वेग, स्टेअरिंगचा कोन, ब्रेकमधील दाब, गाडीला बाजूने बसणारा ओढा आणि गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती झपाट्याने वळत आहे, एवढ्या गोष्टी संवेदक सतत मोजत असतात. स्टेअरिंगचा कोन आणि वेग यांवरून संगणक एक हिशेब मांडतो, की या क्षणी गाडीने इतके वळायला हवे. प्रत्यक्षात ती किती वळत आहे, हे दुसरा संवेदक सांगतो. ही तुलना सेकंदाला सुमारे २५ वेळा होते आणि दोन आकड्यांमध्ये अंतर पडू लागले की प्रणाली हस्तक्षेप करते. पुढची चाके घसरून गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागली, म्हणजे अंडरस्टिअर झाले, तर वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावून गाडी आत वळवली जाते. उलट मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, म्हणजे ओव्हरस्टिअर झाले, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. त्या ब्रेकमुळे गाडीला उलट दिशेचा झोक मिळतो, आणि शिवाय ब्रेक सोसणाऱ्या त्या टायरची बाजूची पकड कमी झाल्यामुळे पुढचा भाग आत खेचणारे बळही घटते, असा दुहेरी परिणाम साधला जातो. याच वेळी इंजिनाची ताकदही कमी केली जाते. चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही एकाच चाकापुरता दाब निर्माण करायचा असल्यामुळे ईएसपीच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये साधारणपणे १२ झडपा असतात, तर नुसत्या एबीएसला ८ पुरतात.

या वर्णनात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की स्टेअरिंग जिकडे वळवले आहे तिकडेच चालकाला जायचे आहे, असे प्रणाली गृहीत धरते. स्टेअरिंग ती स्वतः फिरवत नाही. म्हणून घाबरून नजर झाडावर किंवा कठड्यावर खिळली आणि हात तिकडे वळले, तर प्रणाली निष्ठेने त्याच दिशेला मदत करील. अशक्यप्राय मागणी ती कापते, म्हणजे रस्त्याची पकड ओळखून त्या पकडीत जेवढे वळणे शक्य आहे तेवढ्यावरच हिशेब आणून ठेवते. पण दिशा निवडण्याची जबाबदारी शेवटपर्यंत चालकाचीच राहते. ती कौशल्याची जागा घेते असे म्हणणाऱ्यांच्या ध्यानात हा मुद्दा सहसा येत नाही.

ती पकड निर्माण करू शकत नाही, हेही तितकेच खरे. टायरची पकड हा एक मर्यादित साठा आहे आणि तो वळणे, थांबणे आणि वेग घेणे यांच्यात वाटून घ्यावा लागतो. स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात पूर्वी शिकवणारे अभियंते वुनिबाल्ट काम यांच्या नावाचे, टायरची एकूण पकड दाखवणारे वर्तुळ वापरून ही गोष्ट इथे आजही समजावली जाते. साधा हिशेब करून पाहता येतो. ५० मीटर त्रिज्येचे सपाट वळण कोरड्या, चांगल्या डांबरावर, घर्षणांक (रस्त्याच्या पकडीचा आकडा) १ धरला, तर जास्तीत जास्त ताशी ८० किलोमीटरने घेता येते. पावसात घर्षणांक ०.६ झाला तर तोच वेग ६२ होतो, घट्ट बसलेल्या बर्फावर ०.२ धरला तर ३६, आणि गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर तो ताशी २५ किलोमीटरपर्यंत खाली येतो. बर्फावर ताशी ५० ने त्या वळणात शिरलेल्या गाडीत जगातली कोणतीही प्रणाली असली, तरी ती वळणाबाहेरच जाणार. फरक इतकाच पडू शकतो, की ती गिरक्या घेत आडवी न जाता नाक पुढे ठेवून जाईल, आणि दरवाज्यावर बसणारा धक्का पुढच्या, चुरगळण्यासाठीच घडवलेल्या भागावर बसेल. हा फरक लहान नाही.

ही प्रणाली श्रीमंतांच्या गाड्यांतून सर्वांपर्यंत पोहोचली ती १९९७ मध्ये, एका स्वीडिश नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी उलटली तेव्हा. समोर अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला, असे समजून गाडी झटकन बाजूला काढून पुन्हा मार्गावर आणण्याची ती चाचणी होती. कंपनीने त्यानंतर ए-क्लासमध्ये ईएसपी सरसकट बसवले. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत स्थिरता-नियंत्रण सक्तीचे आहे.

स्पोर्ट्‌स कारच्या जगात मात्र तिचे स्वागत संथ आणि नाराजीचे झाले, आणि त्या नाराजीला तेव्हा थोडा आधारही होता. सुरुवातीच्या प्रणाली कुटुंबाच्या गाडीसाठी जुळवलेल्या होत्या. वळणातून बाहेर पडताना मागची चाके किंचित घसरली, की या प्रणाली इंजिनाचा गळाच दाबत, आणि चालकाने मुद्दाम साधलेला तोल नेमका बिघडवत. पोर्शेची कॅरेरा जीटी ही दहा सिलिंडरची, ६१२ अश्वशक्तीची गाडी २००३ मध्ये विक्रीस आली तेव्हा तिच्यात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाके जागीच फिरू न देणारी प्रणाली) होते, स्थिरता-नियंत्रण नव्हते. त्याच कंपनीच्या ९११ जीटी३ ला ते २००९ मध्ये मिळाले, आणि तेही दोन टप्प्यांत बंद करता येईल असे: आधी फक्त स्थिरता-नियंत्रण, मग त्यासोबत ट्रॅक्शन कंट्रोल. ९११ सारख्या गाडीत इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे असते. वळणाच्या मध्यावर वेग जास्त झाल्याचे जाणवून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ते जड इंजिन मागचा भाग बाहेर ओढते. भीती वाटल्यावर पाय उचलणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, आणि नेमकी तीच इथे घात करते. म्हणून अशा गाडीत ही प्रणाली इतर कोणत्याही गाडीपेक्षा अधिक हवी, असे माझे ठाम मत आहे.

त्या जुन्या तक्रारीला गेल्या वीस वर्षांत अभियंत्यांनी दिलेले उत्तर मला अतिशय सुंदर वाटते. सगळे चालू किंवा सगळे बंद, या दोन टोकांच्या मधली जागा त्यांनी भरून काढली. फेरारीने २००४ च्या एफ४३० या गाडीत स्टेअरिंगवरच एक लहान फिरती कळ बसवली, आणि बर्फापासून शर्यतीच्या मैदानापर्यंतचे टप्पे चालकाच्या बोटाखाली आणले. २०१३ च्या ४५८ स्पेचालेमध्ये गाडी आडवी किती अंशांनी सरकत आहे याचा अंदाज प्रणाली सतत बांधू लागली आणि ते सरकणे थांबवण्याऐवजी विशिष्ट मर्यादेत धरून ठेवू लागली. मर्सिडीज-एएमजीच्या जीटी आर या गाडीत ईएसपी बंद केल्यावर मागच्या चाकांची घसरण किती चालू द्यायची हे नऊ टप्प्यांच्या पिवळ्या बटणाने ठरवता येते, तर बीएमडब्ल्यूच्या नव्या एम३ आणि एम४ मध्ये असे दहा टप्पे आहेत. चूक झाल्यावर खाडकन हात धरणारी प्रणाली आणि चालकाबरोबर काम करणारी प्रणाली यांत जो फरक असतो, तो इथे प्रत्यक्ष जाणवतो.

हे सारे समजून घ्यायचे असेल तर इथली चालक-प्रशिक्षणाची मैदाने पाहावीत. मला जर्मनीतली ही व्यवस्था मनापासून आवडते. परवाना मिळून कित्येक वर्षे झालेली माणसे सुट्टीचा दिवस खर्चून, पैसे भरून, गाडी घसरते म्हणजे काय होते ते शिकायला तिथे येतात. जमिनीत एक हायड्रॉलिक पट्टा बसवलेला असतो. मागची चाके त्यावर आली की तो एका बाजूला झटका देतो, आणि पुढे पाण्याने भिजवलेला गुळगुळीत पृष्ठभाग असतो. स्थिरता-नियंत्रण चालू असताना मध्यम वेगात गाडी एकदा अंग झटकते, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो, एकेका चाकाचा ब्रेक खरखरत लागल्याचे पायाला कळते आणि गाडी सरळ होते. तेच बंद करून त्याच वेगाने गेले, तर बहुतेकांची गाडी पूर्ण गिरकी घेते, कारण उलट स्टेअरिंग देण्यास मिळणारा वेळ माणसाच्या प्रतिक्रियेला पुरत नाही, आणि दिले तरी ते वेळेत परत सरळ केले नाही तर गाडी दुसऱ्या बाजूला त्याहून जोरात फेकली जाते. चांगल्यात चांगल्या चालकालाही ब्रेकचे एकच पेडल असते, त्यामुळे चारही चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे त्याला शक्यच नसते. तो पिवळा दिवा मला म्हणूनच शिक्षकासारखा वाटतो. कोरड्या रस्त्यावर, रोजच्या वळणावर तो लुकलुकला, तर आपले स्टेअरिंग किंवा ॲक्सिलरेटर कुठेतरी अधीर झाले आहे, असा त्याचा अर्थ असतो.

नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मैदानाच्या जुन्या, जवळपास २१ किलोमीटर लांबीच्या नॉर्डश्लाइफे मार्गाविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. सार्वजनिक फेऱ्यांच्या दिवशी तिथे रस्तावाहतुकीचेच नियम लागू असतात, हे बाहेरच्या अनेकांना माहीत नसते. आयफेलच्या जंगलातून जाणाऱ्या या मार्गाचा एक भाग ओला आणि दुसरा कोरडा असणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे पकड एकाच फेरीत अनेकदा बदलते. तिथले कारुसेल हे काँक्रीटचे तिरके वळण प्रणालीच्या हिशेबासाठीही परीक्षा पाहणारे आहे. रस्ता आत झुकलेला असल्यामुळे बाजूचा ओढा मोजणारा संवेदक प्रत्यक्ष वळण्याच्या मानाने कमी आकडा दाखवतो, आणि ही घसरण नसून रस्त्याचा उतार आहे, हे संगणकाला ओळखता यावे लागते. घसरण समजून त्याने भर वळणात ब्रेक लावला, तर ते नुकसानच.

यंत्राची मदत म्हणजे कमीपणा, असे मानणाऱ्यांनी शर्यतींकडेही पाहावे. फॉर्म्युला वनने १९९४ पासून एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी घातली. पुढे २००१ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल परत आले आणि २००८ मध्ये पुन्हा बंद झाले. बंदी घालावी लागली, ती या प्रणालींनी गाड्या संथ होत नव्हत्या म्हणूनच. जीटी३ गटातील, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारवरून घडवलेल्या गाड्यांच्या शर्यतींत एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चालतात, आणि निष्णात व्यावसायिक चालक टायर झिजत जातील तसे त्यांचे टप्पे शर्यत चालू असताना बदलत राहतात.

जुलै २०२४ पासून युरोपात नव्या गाड्यांना सक्तीची झालेली वेगमर्यादेची सूचना, मार्गिका राखणे, चालकाच्या थकव्याची दखल घेणे ही साधने मात्र मी या रांगेत बसवत नाही. ती चालकाच्या लक्षाची काळजी वाहतात. स्थिरता-नियंत्रण टायर आणि रस्ता यांच्यातील बळांशी काम करते. वेगमर्यादेच्या सततच्या टुणटुणीला कंटाळून प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना ती बंद करणारा माणूस मला समजू शकतो. त्याच हाताने स्थिरता-नियंत्रणही बंद करणारा माणूस मला समजत नाही.

इथे येऊन स्पोर्ट्‌स कार भाड्याने घेण्याचा विचार करणाऱ्यांनी टायरकडे सर्वांत आधी पाहावे, कारण प्रणाली शेवटी टायरच्याच भांडवलावर चालते. ताशी २०० च्या पुढचा वेग सोसणारे रुंद उन्हाळी टायर थंडीत कडक होतात. तापमान सात अंशांच्या खाली गेल्यावर, ऑक्टोबरच्या एखाद्या सकाळी, कोरड्या रस्त्यावरही त्यांची पकड इतकी घटते, की दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला तरी मागचा भाग हलतो. पोर्शेच्या सध्याच्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले ध्वनिसंवेदक उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला असल्याचे ओळखतात आणि ओल्या रस्त्यासाठीची पद्धत निवडण्याची सूचना देतात. निवड चालकालाच करावी लागते. ती सूचना दिसली की लगेच मानावी. पहिले काही तास गाडी सर्वसाधारण पद्धतीतच चालवावी, टायर गरम होऊ द्यावेत, आणि मधला, थोडी मोकळीक देणारा टप्पा रिकाम्या, बंदिस्त मैदानावर प्रशिक्षक शेजारी असतानाच वापरून पाहावा. भाड्याच्या करारांत नॉर्डश्लाइफेवर गाडी नेण्यास बहुधा मनाई असते, तो भाग सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा.