व्हॅलेन्सियाचा पूर नागपुरातून समजून घेताना
स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात राहायला आल्यापासून नागपूरचे नातेवाईक फोनवर आधी संत्र्यांची चौकशी करतात आणि मग पुराची. संत्र्यांबाबत मी आपल्याच बाजूने आहे. पुराविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे.

29 ऑक्टोबर 2024 रोजी येथून साधारण 30 किलोमीटरवरील तुरीस येथे एका दिवसात 771 मिलिमीटर पाऊस झाला. नागपुरात वर्षभरात हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतले की त्या आकड्याची धडकी भरते. भूमध्य समुद्र उन्हाळाभर तापतो आणि ऑक्टोबरातही कोमट असतो. त्याच सुमारास उत्तरेकडील थंड हवेचा एखादा पुंजका मूळ प्रवाहापासून तुटून स्पेनवर रेंगाळतो, ज्याला येथे ‘दाना’ म्हणतात. पूर्वेचा वारा समुद्रावरची दमट हवा किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर चढवतो, वर गार हवा असल्याने ती झपाट्याने उसळते आणि त्याच जागी ढगांमागून ढग तयार होत राहतात. त्यातच हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते.

व्हॅलेन्सियालगतच्या पाइपोर्ता गावात तर त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हताच. वरच्या भागात पडलेले पाणी एरवी कोरड्या असणाऱ्या पोयो ओढ्यातून आले. तेथील काही भिंतींवरची चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्याही वर आहे. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदीचे पात्र शहराबाहेर वळवले होते, म्हणून मुख्य शहर वाचले.

समुद्र दूर असल्याने आपला याच्याशी संबंध नाही, असे नागपुरात सहज म्हटले जाते, आणि ते मला पटत नाही. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भात येते, तेव्हा वाटेतील भिजलेली जमीन आणि धानाच्या तुडुंब बांध्या त्याला बाष्प पुरवतात, त्यामुळे किनारा सोडल्यावरही त्याचा जोर लगेच ओसरत नाही. मे महिन्यात नेमके उलटे घडते: मातीत ओलच नसल्याने उन्हाची ऊर्जा बाष्पीभवनात खर्ची न पडता थेट हवा तापवते, आणि नवतपात पारा 45 अंशांपुढे जातो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तुरीसच्या तुलनेत हा पाऊस किरकोळच; पण पात्र अरुंद आणि काठ बांधकामांनी भरलेला असला, की तेवढाही पुरतो.